उजेड कोठून येतो ते पाहा

गेल्या श्रावणात आमच्या आळीतील एक म्हातारी वारली. वय झालेले होते. फार दिवसांचे आजारपण नव्हते. तेराव्याला तसबीर ठेवावी म्हणून घरच्यांनी फोटोची शोधाशोध केली. घरात मोबाईल चार. चारांत मिळून म्हातारीचे फोटो नऊ. नातू ते घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, यातला बरा कोणता तेवढं सांगा. तालुक्याला जाऊन मोठा करून आणतो."

आम्ही चष्मा लावला आणि एकेक फोटो पाहू लागलो. पहिल्या फोटोत म्हातारी दारात बसलेली. तिच्या मागे अंगण. अंगणात लख्ख ऊन. अंगण छान आले होते. तुळस दिसत होती. कोंबड्याही मोजता येत होत्या. म्हातारीच्या तोंडाच्या जागी मात्र नुसता काळा डाग. दुसरा फोटो तसाच. तिसराही तसाच. म्हातारी रोज दारात बसायची आणि फोटो काढणारा घराच्या आतल्या बाजूला उभा राहायचा. नऊपैकी सात फोटो असे काळे निघाले. आठवा हललेला होता. नवव्याबद्दल पुढे सांगू.

नातू रडवेला झाला. म्हणाला, "मोबाईल तर चांगला भारीतला हाय गुरुजी."

मोबाईलचा दोष नव्हता. उजेड कोठून येतो आहे, एवढेच कोणी पाहिले नव्हते.

आज घरोघरी मोबाईल आहे. लग्न असो, पोळा असो, बारसे असो, फोटो निघतातच. शेतातील पिकाचा फोटो काढावा लागतो. अर्जाला फोटो लागतो. मग तो नीट का काढू नये? त्यासाठी हा पाठ आहे. यात मोठी विद्या नाही. तुम्हांला डोळे आहेत, उन्हासावलीची ओळख जन्मापासून आहे. पुष्कळसे तुम्हांला ठाऊकच आहे. फक्त त्याकडे लक्ष गेलेले नाही.

प्रकाशाने लिहिणे

फोटोग्राफी हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील दोन शब्दांपासून झाला आहे. एकाचा अर्थ प्रकाश, दुसऱ्याचा अर्थ लिहिणे. म्हणजे प्रकाशाने लिहिणे. आपण पाटीवर पेन्सिलीने लिहितो. फोटो प्रकाशाने लिहिला जातो. जिथे प्रकाश पोचला नाही तिथे काही लिहिलेच जात नाही. तिथे काळे राहते.

१८३९ साली फ्रान्स देशात दागेर नावाच्या गृहस्थाची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन तो फोटो उमटवी. ही कला आपल्याकडेही लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांचे मंडळ निघाले. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळी मुंबईतील नावाजलेले छायाचित्रकार होते. त्या दिवसांत फोटोला बराच वेळ लागे. बसणाऱ्याने हलायचे नाही. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या फोटोंतील माणसे रागावलेली का दिसतात, ते यावरून कळेल. इतका वेळ कोण हसत राहील?

कॅमेरा म्हणजे काय? एक अंधारी खोली आणि तिला एक भोक. बस्स. तुमच्या घरात कौल सरकले की खाली जमिनीवर कवडसा पडतो. भोक वाकडेतिकडे असले तरी उंचावरून येणारा कवडसा गोल पडतो. असे का? कारण तो कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र आहे. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण लागले होते. अशा ग्रहणात झाडाखाली पाहावे. पानांच्या फटींतून पडणारे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. शेकडो कोरी जमिनीवर हलत असतात. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहू नये. खाली जमिनीकडे पाहावे. झाडाने काढलेला सूर्याचा फोटोच तो.

तुमच्या मोबाईलच्या पाठीवर लहानसे गोल भिंग असते. तेच हे भोक. आता जरा मोबाईल उलटा करून ते भिंग पाहा. पाहिलेत? पीठ, तेलाचे बोट, तंबाखूची भुकटी, सगळे तिथे असते. मग फोटो धुरकट येतो आणि आपण मोबाईलला नावे ठेवतो. फोटो काढण्याआधी मऊ, कोरड्या सुती फडक्याने भिंग हलकेच पुसावे. पदराने पुसले तरी चालेल, पण पदर स्वच्छ हवा. धूळ असेल तर आधी फुंकर मारावी, नाहीतर चरे पडतात.

डोळा आणि मोबाईल

म्हातारी दारात बसलेली असताना आपल्याला तिचे तोंड नीट दिसत होते. मग मोबाईलला का दिसले नाही?

आपला डोळा फार हुशार आहे. उजेडाकडे पाहिले की डोळ्याची बाहुली लहान होते. अंधारात ती मोठी होते. आपण अंगण पाहतो, मग तोंड पाहतो, पुन्हा अंगण पाहतो. डोळा दर वेळी आपले माप बदलतो. आपल्याला ते कळतसुद्धा नाही.

मोबाईल बहुधा एकाच मापाने सगळे चित्र मोजतो. समजा, तुम्ही एकाच पायलीने सगळ्यांना धान्य मोजून देता. अंगणातील ऊन म्हणजे खंडीभर उजेड. आतल्या सावलीतील तोंडावर जेमतेम शेरभर. मोबाईल खंडीभर उजेडाला घाबरतो आणि आपले दार बारीक करतो. मग शेरभर उजेडाच्या वाट्याला काहीच येत नाही. अलीकडचे मोबाईल दोन्हींचा मेळ घालण्याची खटपट करतात. थोडेफार साधते. पण भर उन्हाचे दार मागे असले तर त्यांचीही फजिती होते.

यावर उपाय सोपा आहे. माणसाला उलटे बसवा. पाठ घराकडे, तोंड अंगणाकडे. तुम्ही अंगणात जा आणि तिथून फोटो काढा. आता उजेड तोंडावर येतो. मागे घरातील अंधार असतो. अंधारापुढे उजळ चेहरा असा काही उठून दिसतो की पाहत राहावे. जागा तीच, माणूस तोच, मोबाईल तोच. फक्त चार पावले तुम्ही चालायची.

काही वेळा माणसाला उठवता येत नाही. आजारी माणूस असतो, किंवा लग्नात नवरानवरी बोहल्यावर असतात. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर चेहरा दिसतो ना, त्या चेहऱ्यावर बोट टेकवा. म्हणजे मोबाईलला कळते की याला हा चेहरा हवा आहे. तो चेहऱ्याचे माप घेतो. चेहरा उजळतो. मागचे अंगण पांढरे फटक पडेल. पडू द्या. आपल्याला अंगण नको आहे. बऱ्याच मोबाईलांत बोट टेकवल्यावर बाजूला लहानसा सूर्य दिसतो. तो बोटाने वर सरकवला की चित्र उजळते, खाली सरकवला की काळवंडते. एकदा करून पाहा. काही बिघडत नाही. पूर्वी एकेका फोटोला पैसे पडत. आता बिघडलेला फोटो पुसून टाकता येतो.

उजेडाचे प्रकार

आम्ही मुख्याध्यापक असताना दर वर्षी सातवीच्या मुलांचा निरोपाचा फोटो निघे. तालुक्याहून फोटोवाला येई. एका वर्षी तो म्हणाला, "गुरुजी, मुलांना वडाच्या सावलीला बसवू." आम्ही म्हणालो, "छे! शाळेच्या नावाची पाटी मागे आली पाहिजे." एप्रिल महिना. दुपारचे साडेबारा. आम्ही बोललो तेच झाले, कारण मुख्याध्यापक आम्ही होतो. फोटो आला. शाळेचे नाव ठळक. मुलांच्या डोळ्यांच्या जागी मात्र काळ्या खोबणी. टोपी घातलेल्या पाहुण्यांचे अर्धे तोंडच नाही. ती मुले आता बापे झाली आहेत. एखाद्याच्या घरी गेलो की तो फोटो भिंतीवर दिसतो आणि आम्ही दुसरीकडे पाहतो.

दुपारचे ऊन डोक्यावरून येते. मे महिन्यात तर एखाद्या दिवशी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते. असे ऊन कपाळावर, नाकावर पडते. डोळ्यांच्या खाचा, नाकाखालची जागा, हनुवटीखालची जागा काळी होते. पदर किंवा टोपी असली तर विचारायलाच नको. दुपारी फोटो काढायचाच असेल तर सावलीत यावे.

सकाळचे आणि संध्याकाळचे ऊन तिरपे असते. ते तोंडावर पोचते. त्याचा रंगही पिवळसर, हळदीसारखा असतो. पेरणीच्या रानाचा फोटो या वेळी काढून पाहा. प्रत्येक तासाला आपली सावली असते. ढेकूळ अन् ढेकूळ दिसते. तेच रान दुपारी सपाट, पांढरे दिसते. मात्र सकाळच्या उन्हातही माणसाला अगदी सूर्यासमोर उभे करू नये. तो डोळे बारीक करतो. जरा बाजूला वळवावे, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्या गालावर हलकी सावली येते. त्यामुळे चेहऱ्याला उठाव येतो. चेहरा भाकरीसारखा चपटा दिसत नाही.

आमच्या मते चेहऱ्याच्या फोटोला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे ओसरी. वर छप्पर असते. समोर उघडे अंगण असते. ऊन अंगावर येत नाही, पण अंगणातला उजेड आत येतो. तो मऊ असतो. पूर्वी फोटोच्या दुकानात उत्तरेकडे मोठी काचेची खिडकी ठेवीत, ती अशाच उजेडासाठी. आपल्याला ओसरी फुकट मिळाली आहे. माणसाला ओसरीच्या कडेशी, सावलीच्या अगदी आत बसवावे. फार आत नेऊ नये. आत गेले की उजेड कमी होतो.

ढगाळ दिवस वाईट असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. श्रावणात सगळे आभाळच ओसरीचे छप्पर होते. सावल्या पडत नाहीत. हिरवा रंग खुलतो. फक्त फोटोत आभाळ फार घेऊ नये, ते पांढरे पोतेरे दिसते.

लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली जपावे. सावली विरळ असली की तोंडावर कवडशांचे ठिपके पडतात. नवरी नटून बसलेली आणि गालावर बिबट्यासारखे ठिपके! दोन पावले इकडे तिकडे सरकावे.

रात्रीचे काय? मोबाईलच्या अंगचा दिवा लखकन चमकतो. त्याचा उजेड आठ-दहा फुटांपलीकडे फारसा जात नाही. भजनाच्या मंडपात मागे बसून दिवा चमकावणारे लोक आम्ही पाहतो. त्यांच्या फोटोत पुढच्या माणसाचे टक्कल तेवढे चमकते. त्यापेक्षा जवळ जावे, मंडपातील दिव्याचा उजेड ज्याच्या तोंडावर आहे त्याचा फोटो घ्यावा. कमी उजेडात मोबाईल आपले दार जास्त वेळ उघडे ठेवतो. तेवढ्यात हात हलला की चित्र हलते. म्हणून दोन्ही कोपरे बरगडीला लावावीत, खांबाला टेकावे, श्वास धरावा आणि मग बटण दाबावे. सुईत दोरा ओवताना आपण जसे थांबतो, तसे.

एक परीक्षा सांगतो. तिला काही खर्च नाही. आपली मूठ तोंडासमोर धरा. आता हळूहळू जागच्या जागी गोल फिरा. नजर मुठीवर ठेवा. एका बाजूला मूठ काळी दिसेल. एका बाजूला पांढरी, सपाट दिसेल. एका जागी बोटांची पेरे, शिरा, सुरकुत्या सगळे गोड दिसेल. तिथे थांबा. तिथे माणसाचे तोंड चांगले येते. आम्ही आता कोणाच्या घरी गेलो की मूठ धरून फिरतो. पोरे हसतात.

एका गालावर फार काळोख असेल तर त्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर कोणाला तरी धरायला सांगा. पांढऱ्या कापडावरून उजेड उलटून गालावर पडतो. चुन्याने रंगवलेली भिंतही हे काम करते.

आणखी एक. काही मोबाईलांत चेहरा गोरा, गुळगुळीत करण्याची सोय असते. ती बंद ठेवावी असे आमचे मत आहे. सत्तर पावसाळे पाहिलेल्या बाईच्या सुरकुत्या पुसून टाकल्या तर उरले काय? ती तिच्या घरच्यांनाही ओळखू येत नाही.

काय घ्यावे, काय सोडावे

उजेड पाहिला. आता चौकट पाहू. फोटो म्हणजे खिडकीची चौकट. त्या चौकटीत काय यावे हे आपण ठरवायचे.

बायका ठिपक्यांची रांगोळी काढतात. आधी ठिपके मांडतात, मग रेघा ओढतात. मोबाईलमध्येही अशी सोय आहे. कॅमेऱ्याच्या मांडणीत पाहिले तर पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा आणता येतात. नऊ घरे होतात. घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा, तो लावून देईल. त्या रेघा फोटोत उमटत नाहीत. त्या आपल्या सोयीसाठी. बांध, विहिरीचे पाणी, घराची भिंत त्या रेघांशी जुळवावी. विहिरीचे पाणी कधी तिरके उभे राहते का? फोटोत मात्र राहते, कारण मोबाईल तिरका धरलेला असतो.

बैल चालला असेल तर त्याला चौकटीच्या अगदी मध्ये किंवा पुढच्या कडेला ठेवू नये. उजवीकडे चालला असेल तर डावीकडच्या उभ्या रेघेवर ठेवावा. पुढे मोकळी जागा राहते. तो चालतो आहे असे वाटते. नाहीतर तोंड चौकटीला धडकते. माणूस ज्या बाजूला पाहतो, त्या बाजूला जागा मोकळी ठेवावी. हा नियम नेहमीच पाळावा असे नाही. देवाची मूर्ती, समोर पाहणारी नवरी, यांना मध्येच शोभा येते.

मागे काय आहे ते पाहावे. हे फार लोक विसरतात. पाहुण्यांच्या डोक्यातून विजेचा खांब उगवतो. कानाला खुंटी लटकते. मागे दोरीवर धुणे वाळत असते. डोळा ते वगळतो, मोबाईल वगळत नाही. आपण एक पाऊल सरकलो की खांब डोक्यावरून बाजूला जातो.

जवळ जावे. सगळ्या गावाच्या फोटोत आपला माणूस मोहरीएवढा दिसतो. पडद्यावर दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये, त्याने चित्र विरते. पायांनी चालत जावे. पण अगदी नाकाजवळही नको. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान येतात. चार ते सहा फूट ठीक. मुलांचा फोटो काढताना आपण खाली बसावे. उभ्याने काढला की मूल सगळे डोके आणि टिचभर पाय असे दिसते. शेळी, वासरू, कोंबडी यांचेही तेच.

लग्नात पंचवीस माणसे उभी केली की कोणाचे तरी डोळे मिटलेले येतात. तेव्हा सगळ्यांना डोळे मिटायला सांगावे. तीन आकडे मोजावेत. तीन म्हटले की सगळ्यांनी डोळे उघडायचे, आणि लगेच फोटो घ्यायचा. लोक हसतातही. तेही बरेच.

दुसऱ्याच्या बायकामाणसांचा, आजारी माणसाचा किंवा कोणाच्या दुःखाच्या प्रसंगाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते.

अर्जाचा फोटो आणि पिकाचा फोटो

अर्जाला लागणारा लहान फोटो साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. मागे फिक्या रंगाची साधी भिंत हवी. भिंतीला पाठ टेकवू नये. भिंतीपासून दोन हात पुढे बसावे, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे. दोन्ही गालांवर सारखा उजेड. इथे उठाव वगैरे नको. ओळख पटली की झाले.

पिकाचा फोटो हे मोठे काम आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाची नोंद करायची आणि फोटो काढायचा, अशी ती रीत. नोंदीचे नियम आणि मुदती बदलत असतात. त्या दर हंगामाला गावच्या तलाठी कचेरीत विचारून घ्याव्यात. आम्ही फक्त फोटोचे सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची द्राक्षे गारपिटीत गेली. त्याने रडत रडत चौदा फोटो काढले. सगळे खालच्या मातीचे आणि फुटक्या मण्यांचे. ते कोणाच्या शेतातील, किती शेतातील, काहीच कळेना. कचेरीत विचारले, "हे तुमच्याच शेतातलं कशावरून?" त्याला उत्तर देता येईना. नुकसान खरे होते. फोटोही खरे होते. पण ते बोलत नव्हते.

अशा वेळी आधी लांबून एक फोटो घ्यावा. त्यात सगळे शेत यावे आणि जागेची खूणही यावी. विहीर, विजेचा खांब, बांधावरचे झाड, शेजारचे घर, काहीही. मग मधल्या अंतरावरून दोन-तीन ओळींचा घ्यावा. मग जवळून पानाचा, कणसाचा, मण्याचा. जवळच्या फोटोत विळा, नाणे किंवा आपला पंजा ठेवावा. त्यावरून माप कळते. सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला असावा, पण आपली सावली पिकावर पडू देऊ नये. हा मोह टाळणे कठीण असते, सावली दिसतच नाही. पाणी साचले असेल तर ते ओसरण्याआधी फोटो घ्यावा. उशीर झाला की चिखल सुकतो आणि कालचे तळे कोणाला खरे वाटत नाही.

बरे दिवस असतानाही शेताचा फोटो काढावा. इथे आम्हांला दादासाहेब फाळके यांची आठवण होते. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस. १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांना दाखवला. त्याआधी १९१२ साली त्यांनी काय केले? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवला. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. सगळी चित्रे एकापुढे एक दाखवली तेव्हा अंकुर फुटून वेल वाढताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला. ते पाहून त्यांना चित्रपटासाठी कर्ज मिळाले. एका वाटाण्याने एवढे काम केले! तुम्ही बांधावर एक दगड ठरवा. दर आठवड्याला त्याच दगडावर, साधारण त्याच वेळी उभे राहून शेताचा एक फोटो घ्या. पेरणीपासून काढणीपर्यंत पंधरा-वीस फोटो होतील. पिवळेपणा कधी आला, तण कोठून वाढले, पाणी कोठे कमी पडले, हे पुढल्या वर्षी त्यांत दिसेल.

फोटोच्या मागे

मोबाईल पाण्यात पडतो. हरवतो. बिघडतो. त्याच्याबरोबर फोटोही जातात. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, पाच-दहा चांगले फोटो निवडून कागदावर छापून घ्यावेत.

आमच्या घरी एक जुनी पेटी आहे. तिच्यात तीसएक फोटो आहेत. पगडीवाले आजोबा, नथ घातलेल्या बाया, झबले घातलेली मुले. यांतील दहा-बारा कोण आहेत ते आता कोणीच सांगू शकत नाही. ज्यांना ठाऊक होते ते गेले. मागे पाहिले तर दुकानाचा शिक्का तेवढा आहे. घरातील बायांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांना वाटले, हे काय लिहायचे, सगळ्यांना ठाऊकच आहे.

आता तुम्हांला लिहिता येते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. दाबून लिहू नये, पुढे वळ उठतात.

आता त्या म्हातारीचा नववा फोटो. तो तिचा नव्हताच. पणतीच्या वाढदिवसाचा होता. पणती ओसरीवर फुगे घेऊन उभी, आणि मागे कोपऱ्यात म्हातारी सुपात तांदूळ पाखडत बसलेली. ओसरीची कड होती. अंगणातला उजेड बाजूने तोंडावर आला होता. कपाळावरचे गोंदण, गळ्यातली काळी पोत, सगळे स्पष्ट. फक्त नजर सुपाकडे होती. एक खांदा चौकटीबाहेर गेला होता. तालुक्याच्या दुकानदाराने तोच मोठा करून दिला. तो आता भिंतीवर आहे. डाव्या कडेला लाल फुग्याचा एक तुकडा दिसतो. डोळे दिसत नाहीत. लेकी माहेरी आल्या की तसबिरीपुढे उभ्या राहतात आणि जरा वाकून पाहतात, जणू खालून डोकावले तर आईची नजर वर येईल.

त्या घरची थोरली सून आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. दिवाळीच्या सुट्टीत तिने सासऱ्यांचा फोटो काढायचा ठरवला. आम्ही तिथेच चहा घेत होतो. म्हातारबुवा दारात बसले होते, बायको बसायची त्याच जागी.

सून म्हणाली, "मामंजी, दारातनं उठा. इकडं ओसरीच्या कडंला बसा."

ते म्हणाले, "आत्ताच कशाला? मी काय लगेच निघालोय का?"

"निघाला न्हाई म्हनून तर काढते," ती म्हणाली.

ते कुरकुरत उठले. टोपी सारखी केली. ती अंगणात उतरली, मोबाईल पदराने पुसला, आणि आमच्याकडे पाहून हळूच मूठ धरून फिरली. मग म्हणाली, "टोपी जरा मागं सारा." त्यांनी सारली. "आता माझ्याकडं बघा." त्यांनी पाहिले.

आठ दिवसांनी तिने छापलेला फोटो वर्गात आणला. डोळे चांगले आले होते. एका डोळ्यात अंगणातली तुळससुद्धा बारीक दिसत होती. मागे पेन्सिलीने सासऱ्यांचे नाव, गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली होती. गावाच्या नावात एक काना राहिला होता. आम्ही तो दाखवला. तिने पेन्सिल मागितली आणि जागेवरच घातला.